नळाची तोटी, कपाटाची किल्ली आणि यांत्रिकीची प्रयोगशाळा

कल्याण पूर्वेतल्या आमच्या अभ्यासिकेत मध्यंतरी चांगलाच वाद झाला. जयंतीच्या वर्गणीतून उरलेले पैसे आणि रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी दिलेली रक्कम मिळून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी भौतिकशास्त्राचे, त्यातही यांत्रिकीचे, प्रयोगसाहित्य घ्यायचे ठरले होते. दोन पर्याय समोर आले. पहिला कॅटलॉगमधला तयार संच. चकचकीत पेटी, आत मखमली खाचांत बसवलेली उपकरणे, पण संच एकच. दुसरा म्हणजे तेवढ्याच पैशांत पंधरा साधे संच, काही विकत घेतलेले आणि काही आपण जुळवलेले. तरुणांपैकी बहुतेकांचा कल पहिल्याकडे होता. एक जण उभा राहून म्हणाला, "दादा, त्यांच्या पोरांना लॅब आणि आपल्या पोरांना जुगाड, असं किती दिवस चालायचं?"

प्रश्न खोटा नाही. मीही त्या क्षणी गप्प बसलो. पण घरी आल्यावर वाटले, या प्रश्नाचे उत्तर कॅटलॉगमध्ये सापडणार नाही, इतिहासात शोधावे लागेल. प्रयोगशाळेत कोणते उपकरण आणायचे हा प्रश्न आपल्या देशात कधीच फक्त उपकरणाचा नव्हता. त्याला हात कोण लावणार, हा प्रश्न त्याच्या पोटात नेहमीच होता.

साताऱ्याच्या शाळेतला लहान भीमराव आठवा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी स्वतः लिहिले आहे: वर्गात बसायला वेगळे गोणपाट, आणि तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नाही. शिपायाने तोटी सोडायची, तेव्हा पाणी प्यायचे. शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे. नळ शाळेत होता. पाणीही होते. कागदोपत्री तपासणी झाली असती तर 'शाळेत पाण्याची सोय आहे' असाच शेरा पडला असता. पुढे एल्फिन्स्टन हायस्कुलात गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले डबे बाटू नयेत म्हणून वर्गातली मुले ते उचलायला धावली. फळा, खडू, नळ या वस्तू सर्वांच्या मालकीच्या म्हणायच्या आणि स्पर्शाचा हक्क मात्र मोजक्यांचा.

आता आपल्या शाळांतल्या प्रयोगशाळेचे कपाट डोळ्यांसमोर आणा. मी शिकलो त्या शाळेत (नाव घेत नाही, ती एकटीच तशी नव्हती) असे एक कपाट होते. काचेतून स्क्रू गेज दिसायचे, कप्प्या दिसायच्या, पितळी वजने दिसायची. किल्ली एका सरांकडे. कोणी जातीचे नाव घेऊन अडवले नाही, हे खरे सांगितले पाहिजे. "मोडलं तर भरून कोण देणार?" एवढेच विचारले जायचे. पण ज्याच्या घरून भरून मिळण्याची खात्री होती त्या दोन-चार मुलांच्या हातात वस्तू जायची, आणि आम्ही त्यांची रीडिंग उतरवून जर्नल पूर्ण करायचो. तोटी शिपायाच्या हातात होती तशी किल्ली सरांच्या हातात.

गंमत पाहा. माझे वडील रेल्वेच्या शेडमध्ये खलाशी. "दोन सूत कमी आहे" हे त्यांना नुसत्या बोटाने कळायचे. आठ सूत म्हणजे एक इंच, हे मला शाळेने शिकवले नाही, घराने शिकवले. ज्या माणसाच्या बोटांत वर्निअर होता त्याचा मुलगा शाळेत वर्निअरला हात न लावता दहावी झाला.

हा योगायोग नाही. यांत्रिकी हे शास्त्र जन्मले तेच मुळी कामगारांच्या हातांतून. गॅलिलिओचा १६३८चा ग्रंथ, ज्यातून आधुनिक यांत्रिकी सुरू झाली असे मानतात, त्याची सुरुवात व्हेनिसच्या जहाजबांधणीच्या कारखान्यात होते. तिथल्या कारागिरांशी बोलून आपल्याला खूप शिकायला मिळते, असे त्यातली पात्रे पहिल्याच पानावर म्हणतात. आणि त्याचे उपकरण काय होते? लाकडाची लांब फळी, तिच्यात खोदलेली गुळगुळीत खाच, आत चर्मपत्र चिकटवलेले, एक कांस्याची गोळी. वेळ मोजायला घड्याळ नव्हते. मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी साठवून त्याचे वजन करायचे, तेच वेळेचे माप. सुताराच्या हातची फळी आणि पाण्याची धार, एवढ्यावर पडणाऱ्या वस्तूचा नियम सापडला.

आपल्याकडे मात्र हात आणि पोथी यांची फारकत आधीच झालेली होती. हात वापरणारा तो शूद्र-अतिशूद्र, पोथी वाचणारा तो वरचा. इंग्रजांचे शिक्षण आले तेव्हा ही फारकत मोडेल असे वाटले होते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला, त्याने सरकारकडे दाद मागितली, आणि मुंबई सरकारने वरच्या जातींच्या नाराजीपुढे माघार घेतली. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे नेमके यावरच बोट ठेवले. शेतकरी-कष्टकऱ्यांच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो, आणि ज्यांनी कर भरला त्यांची मुले प्राथमिक शाळेच्याही बाहेर. अजंठा सुब्रमण्यम यांनी २०१९च्या 'द कास्ट ऑफ मेरिट' या पुस्तकात दाखवले आहे की तांत्रिक ज्ञान जसजसे कारखान्याच्या जमिनीवरून इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्गात सरकले, तसतसे ते कारागीर जातींच्या हातून निसटून वरच्या जातींकडे गेले. हत्यार धरणारा मजूर राहिला आणि हत्याराविषयी पेपर लिहिणारा इंजिनिअर झाला.

जगदीशचंद्र बोसांचे उदाहरण आपण अभिमानाने सांगतो. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात साधने नसताना त्यांनी पत्र्याचे काम करणाऱ्या एका स्थानिक कारागिराला हाताशी धरून सूक्ष्म लहरींची उपकरणे उभी केली. बोसांचे नाव पाठ्यपुस्तकात आहे. त्या पत्रेवाल्याचे नाव तुम्ही कोणत्या पाठ्यपुस्तकात वाचले आहे?

कल्याण-ठाण्याच्या माणसाला हा इतिहास परका नाही. १८५३ साली पहिली रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. जीआयपी रेल्वेच्या शेड, यार्ड आणि लाइनवर आपली किती माणसे राबली त्याची मोजदाद नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेतले. ते आपण नेहमी सांगतो. पण त्याच भाषणातला दुसरा मुद्दा फारसा सांगितला जात नाही. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो, स्टेशनवर हमाल म्हणूनसुद्धा त्याला घेत नाहीत, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागतात. कारखान्यात तो कुली असतो, मेकॅनिक क्वचितच होतो. मुंबईच्या गिरण्यांतही तेच. विणकाम खात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून त्या खात्यात आपल्या माणसाला प्रवेश नाही. यंत्र आले तरी स्पर्शाची भीती यंत्राबरोबर राहिली.

म्हणूनच चार वर्षांनी, मजूर मंत्री म्हणून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी काय मागितले ते नीट वाचायला हवे. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक अभ्यासिकेच्या भिंतीवर असायला हवा. कला आणि कायद्याच्या शिक्षणाचा आमच्या समाजाला फारसा उपयोग नाही, उपयोग होईल तो विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाचा, पण ते आमच्या ऐपतीबाहेरचे आहे, म्हणून आमची मुले कला आणि कायद्याकडे वळतात, असा त्यांचा युक्तिवाद. स्वतः बॅरिस्टर असलेला माणूस हे लिहीत होता! विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारतात दरवर्षी २ लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख, ही त्यांची मागणी. त्याच निवेदनात सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, असेही आहे. एका हाताला विद्यापीठ, दुसऱ्या हाताला कारखाना. फारकत झालेल्या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कागदावर मागितल्या. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज ती वेळेवर मिळत नाही म्हणून आपण मोर्चे काढतो, आणि ते काढलेच पाहिजेत. पण शिष्यवृत्ती अकरावीपासून सुरू होते. त्याआधी आठवी-नववीतच ज्याने विज्ञानाची धास्ती घेतली, तो विज्ञान शाखेच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला तो शिल्लकच राहत नाही.

ही धास्ती बुद्धीची नसते, हे आपल्या शेजारीच सिद्ध झाले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले, तेही मुंबईतल्या नाना चौकातल्या एका महापालिका शाळेच्या इमारतीत. या केंद्राने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुले निवडून त्यांच्याबरोबर काही वर्षे काम केले. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी या कामाचा अहवाल १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. मुले झोपडपट्टीतली होती, अनेकांच्या घरी पुस्तक नावाची वस्तू नव्हती. अडचण कशात होती? पुस्तकी प्रमाण मराठीत, प्रश्न विचारायची सवय नसण्यात, आणि वस्तू हाताळायला न मिळण्यात. भाषा सोपी केली, बोलते केले, प्रयोग त्यांच्या हातात दिले, तशी ही मुले शालान्त परीक्षेत चमकली. 'गुणवत्ता' या शब्दाने आपल्याला रोज झोडपणाऱ्यांच्या तोंडावर हा अहवाल ठेवावा. आणि आपणही तो वाचावा. आपल्या चळवळीत आरक्षणावर शंभर व्याख्याने होतात, या प्रयोगावर एकही मी ऐकलेले नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. आपल्यालाच जुगाड का?

स्वस्त साहित्याचा इतिहास फक्त गरिबांचा नाही. दुसऱ्या महायुद्धात शाळा जमीनदोस्त झालेल्या देशांतल्या शिक्षकांसाठी युनेस्कोने १९४८ मध्ये एक पुस्तक काढले. मोडक्यातोडक्या वस्तूंतून प्रयोग कसे उभे करायचे, एवढाच त्याचा विषय. अमेरिकेत १९५६ मध्ये नामवंत भौतिकशास्त्रज्ञांनी शाळेचा अभ्यासक्रम नव्याने बांधायला घेतला, तेव्हा साधी आणि स्वस्त उपकरणे मुद्दाम घडवली, कारण शिक्षकाने टेबलावर दाखवायचे आणि वर्गाने बघायचे ही पद्धतच त्यांना मोडायची होती. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ मध्ये जो विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, त्यात चार-चार मुलांची टोळी आणि प्रत्येक टोळीला साहित्य, हा नियमच होता. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला.

तरीही तरुणाच्या रागात एक खरी गोष्ट आहे आणि ती मी झाकणार नाही. काडेपेटी आणि स्ट्रॉ यांच्या विज्ञानाचे गोडवे गाणारे बरेच जण स्वतःच्या मुलांना पूर्ण प्रयोगशाळा असलेल्या शाळेत घालतात. बारावीच्या भौतिकशास्त्रात ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि परीक्षेच्या टेबलावर काडेपेटी ठेवलेली नसते. ज्याने खरा स्क्रू गेज आयुष्यात पहिल्यांदा अकरावीत पाहिला, त्याचा हात थरथरणारच. म्हणजे प्रश्न स्वस्त की महाग असा नाहीच. पैसा कुठे ओतायचा आणि कुठे वाचवायचा, असा आहे. आणि कसोटी एकच लावायची: एका तासिकेत या वस्तूला किती हात लागणार?

साधा हिशेब करा. ६० मुलांचा वर्ग, ३५ मिनिटांची तासिका, एक वर्निअर. प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेकंद. एवढ्यात बाटलीचे बूचसुद्धा नीट मोजून होत नाही. पंधरा वर्निअर असतील तर चौघांत एक, म्हणजे प्रत्येकाला जवळपास ९ मिनिटे. तेव्हा वर्निअर आणि स्क्रू गेज खरे, पोलादी घ्यावेत, आणि पैसे इथेच जास्त घालावेत. घेताना वर्निअरचे दोन्ही जबडे मिटवून उजेडाकडे धरायचे, फटीतून उजेड दिसला तर परत करायचा. स्क्रू गेज उलटा फिरवला की लगेच हलतो की आधी थोडा मोकळाच फिरतो, ते पाहायचे. शून्यात थोडी त्रुटी असेल तर बिघडत नाही, उलट ती दुरुस्त कशी करायची ते मुले शिकतात. स्क्रू गेजचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर. डोक्याचा केस मोजायला सांगा, पोरे जागची उठत नाहीत.

लंबकासाठी मात्र कॅटलॉगची गरज नाही. हार्डवेअरच्या दुकानातला जड नट आणि शिलाईचा पक्का दोरा पुरे. दोऱ्याच्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर लांबी ठेवली की २० आंदोलनांना साधारण ४० सेकंद लागतात. मोबाईलचे स्टॉपवॉच दाबताना बोटाला ०.२ सेकंद उशीर झाला तरी ४० सेकंदांत ती चूक अर्धा टक्का. गुरुत्व त्वरण ९.८च्या आसपास येते. कल्याणातल्या एका पत्र्याच्या खोलीत, आठवीतल्या मुलीने काढलेले. एकच आंदोलन का मोजायचे नाही, हे तिला पुन्हा सांगावे लागत नाही.

उतरणीसाठी दोन मीटरची पडद्याची ॲल्युमिनियम चॅनेल आणि काचेची गोटी. एक टोक चार-पाच सेंटिमीटर उचलले की गोटी पाचेक सेकंदांत खाली येते. पाव अंतराला निम्मा वेळ लागतो, हे दिसले की गॅलिलिओ समजला. आणि एकदा तरी मोबाईल बाजूला ठेवून त्याचीच पद्धत वापरा. बाटलीला छिद्र, बोटाने दाबलेली धार, खाली वाटी, आणि स्वयंपाकघरात वापरतात तो १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा. हा काटा दोन-तीन घेतले तरी पुरतात.

ताणकाटे मात्र प्रत्येक गटाला वेगळे, न्यूटन आणि ग्रॅम दोन्ही मापे असलेले. एक लिटर पाण्याची पिशवी टांगून दुकानातच तपासायचे, काटा ९.८ न्यूटनजवळ थांबला पाहिजे. कप्पी बेअरिंगची घ्या. दोन्ही बाजूंना सारखी वजने टांगून एकीकडे एक रुपयाचे नाणे वाढवले आणि ती हललीच नाही, तर ती कप्पी नियम शिकवायच्या लायकीची नाही, फक्त घर्षण शिकवेल. हवेच्या झोतावर सरकणारा महागडा एअर ट्रॅक, किंवा सरकारी टिंकरिंग लॅबमध्ये २०१६ पासून येऊ लागलेले थ्री-डी प्रिंटर, यांना माझा विरोध नाही. पण ती एकेकच येणारी वस्तू. वर्गाला उरतो फक्त काचेतून बघण्याचा हक्क.

दहावीच्या विज्ञानात २० गुण शाळेच्या हातात असतात. अनेक ठिकाणी ते प्रयोग न करताच भरभरून वाटले जातात आणि पालक खूश होतात. ही दया नाही. ज्याच्याकडे क्लास, मार्गदर्शक आणि शिकलेले घर आहे त्याला ते कौशल्य दुसरीकडून मिळते, आपल्या पोराला गुण मिळतात आणि हात रिकामा राहतो. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवलीतल्या कार्यकर्त्यांनी शाळेत जाऊन फक्त फीचा आणि दाखल्याचा प्रश्न विचारू नये. डेड स्टॉक रजिस्टर दाखवा म्हणावे. कपाटात काय आहे आणि या वर्षी ते किती वेळा उघडले, हे पालकसभेत विचारावे. बहुतेक वेळा वस्तू असतात. त्या नव्या आणण्याआधी आहेत त्या बाहेर काढायला लावणे हे फुकटचे आंदोलन आहे.

आमच्या अभ्यासिकेत शेवटी मतदान झाले नाही. ज्या काकांनी पैसे दिले होते ते शेवटच्या बाकावर बसून ऐकत होते. उठून त्यांनी कॅटलॉग हातात घेतला, मखमली पेटीचे चित्र पाहिले आणि विचारले, "याला कुलूप आहे का?" होते. पेटीला पितळी कुलूप होते. त्यांनी कॅटलॉग मिटून ठेवला.

रविवारी काका आणि दोन मुली मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर गेले. स्प्रिंगा, बेअरिंग आणि नट त्यांनी निवडले, मुलींनी वर्निअर उजेडाकडे धरून तपासले आणि दोन परत केले. साहित्य आता उघड्या मांडणीवर आहे. पहिल्याच आठवड्यात एक ताणकाटा तुटला. त्याची स्प्रिंग ताणून-ताणून लांब झाली होती. नववीच्या पोरांनी तो फेकला नाही. ठरावीक वजनाला ती किती लांबते आणि कुठल्या वजनानंतर मूळ जागी परत येत नाही, याचा तक्ता करून भिंतीवर लावला आहे.